आक्काला दाखवायचं गाव

उभं आयुष्य मी लोकांचे चेहरे काढत आलो. शाळेचा दाखला, भरतीचा अर्ज, मुलाकडच्यांना पाठवायचा फोटो, लग्न, बारसं, आणि शेवटी हार घालून भिंतीवर टांगायचा तो. एकाच माणसाचे हे सगळे फोटो मीच काढलेत, अशी माणसं आमच्या गावात बरीच आहेत. प्रत्येकाला थोडं गोरं व्हायचं असतं, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांचे फोटो झकास आले, आपलाच तेवढा बिघडवला. ‘मान सरळ, हनुवटी खाली, हलायचं नाही’ हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. मग मोबाइल आले आणि जो तो स्वतःच फोटोग्राफर झाला. माझ्या स्टुडिओत दिवसाला चार-दोन पासपोर्ट फोटो उरले. याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? चेहऱ्यांचा मला एवढा कंटाळा आला होता की सुटल्यासारखं वाटलं.

आमचं गाव विटा आणि आटपाडीच्या मधल्या पट्ट्यात आहे. धड शहर नाही, धड खेडं नाही. एक पेठ, एक एसटी स्टँड, एक बंद पडलेली टॉकीज आणि मंगळवारचा बाजार. आता कालव्याचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात. पण आम्ही लहान होतो तेव्हा या मातीत कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. म्हणून इथली माणसं गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. देशाच्या नकाशावर कुठंही बोट ठेवा, तिथल्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा गडी भट्टीपुढे बसलेला सापडेल. वर्षातून एकदा यात्रेला ही सगळी माणसं गावात येतात. आठवडाभर गाव तुडुंब भरतं आणि मग पुन्हा रिकामं होतं.

या पाहुण्यांना गावात भेटेल तो एका दमात दोन प्रश्न विचारतो. “कवा आलासा? कवा जानार?” पहिल्याचं उत्तर येण्याआधी दुसरा आलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, रामराम म्हणावा तसं ते तोंडातून निघतं. पण माझी थोरली बहीण या दुसऱ्या प्रश्नावर दरवर्षी चिडायची. “माजं गाव हाय न्हवं? मग मी कवा जानार, ह्याची ह्यास्नी घाई का?” असं म्हणायची. उत्तर मात्र द्यायची, कारण परतीचं तिकीट खरोखरच पर्समध्ये असायचं.

ही माझी आक्का. आई दिवसभर दुसऱ्यांच्या रानात राबायची, त्यामुळे मला आक्कानंच वाढवलं. लग्न झालं आणि ती दाजींबरोबर केरळात गेली, एका लहानशा गावात, जिथं दाजींची गलाईची भट्टी होती. ती गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि आठवडाभर जेवलो नाही, असं म्हणतात. माझा पहिला कॅमेरा दाजींनी तिकडून आणून दिला, तोही तिनं त्यांच्या मागं लागून. म्हणजे माझ्या हाताला काम दिलं ते तिनंच. तिकडं तिला मुलगा झाला, सून आली, नातवंडं झाली, तिकडची भाषा तोंडात बसली. दोघांनी गावाबाहेरच्या माळावर बंगला बांधला. बंगल्याची किल्ली माझ्याकडे. महिन्यातून एकदा मी जायचो, खिडक्या उघडायचो, नळ सोडून बघायचो, आणि परत कुलूप लावून यायचो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दाजींचा फोन आला. आयुष्यभर तेजाबाच्या धुरात बसून त्यांच्या छातीचं पार भुस्काट झालंय. भट्टी मुलानं ताब्यात घेतलेली.

“पावनं,” ते म्हणाले, “मला आता गावाला यायचंय. पर तुमची बहीन ऐकंना. म्हंती, तितं मला कोन वळखतंय? तुमी गावाचं जरा फोटू काडून धाडा. रस्तं, देवळं, स्टँड. चांगलं-चांगलं बघून काडा बरं का. तिला गाव आवडलं पायजे.”

पाठोपाठ आक्काचाही फोन आला. “त्यांनी सांगितलं आसंल तुला. काड फोटू, बघते. संक्रांतीपातूर काय ते ठरवते. न्हाई वाटलं तर त्यांनी एकट्यानं जावं, मी हितंच पोराकडं ऱ्हाते.”

तिनं हे हसत म्हटलं, पण मी ओळखलं की ही गंमत नाही. आक्का आली नाही तर दाजी एकटे येणार, छातीचं दुखणं घेऊन त्या बंगल्यात एकटे राहणार, आणि म्हातारपणी नवरा-बायको दोन टोकांना. आणि मला? मला ती हवी होती. एवढ्या वर्षांत फोनवर बोलताना ‘मजेत आहे’ म्हणायची सवय झालेली, पण तिच्या येण्याची नुसती शक्यता दिसताच मी चक्क लहान पोरासारखा उतावळा झालो.

बायको म्हणाली, “उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग! आदी फोटू तरी काडा.”

मी कॅमेरा पुसला आणि सकाळी उजाडताना बाहेर पडलो. ती वेळ मी मुद्दाम निवडली. ऊन तिरकं, कोवळं असतं आणि मुख्य म्हणजे रस्त्यात माणूस नसतो. काय सांगू मला किती बरं वाटलं! रस्ता डोळे मिटत नाही. देवळाला गोरं व्हायचं नसतं. वेशीची कमान ‘परत एकदा काढा की’ म्हणत नाही. मारुतीचं देऊळ काढलं, पार काढला, चावडी, जुनी टॉकीज, स्टँड. मध्येच एक दूधवाला मोटरसायकलवरून आला तर त्याला हातानं ‘बाजूला हो’ म्हणालो आणि तो जाईपर्यंत थांबलो. शेवटी माळावर गेलो. गलाईवाल्यांचे बंगले तिथंच एका ओळीत आहेत. कुणाच्या गेटवर सिंह, कुणाच्या गच्चीवर मोर, कुणाच्या दाराला असे खांब की तालुक्याच्या कचेरीला नाहीत. ते एकेक करून काढले. आक्काच्या बंगल्याचे तर समोरून, बाजूनं, कोपऱ्यातून असे कितीतरी काढले. घरी येऊन बघितले आणि स्वतःवरच खूश झालो. आमचं गाव इतकं देखणं आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

फोटो पाठवले. संध्याकाळी फोन.

“गावात कोन गेलंय का रं?” आक्कानं विचारलं.

“कोण गेलंय? कोणी नाही.”

“मग समदं गाव मातीला गेल्यागत का दिसतंय? स्टँडावर चिटपाखरू न्हाई. देवळात कोन न्हाई. पारावर म्हातारीकोतारी तरी असावीत का न्हाई?”

“आक्का, माणसं मध्ये आली की फोटो बिघडतो.”

“तू लय मोठा फोटूवाला, तुला कळतंय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बंगलं झ्याक आल्यात. पर दारं बघितलीस का? समद्यास्नी कुलपं. माज्या डाव्या अंगाला कुलूप, उजव्या अंगाला कुलूप, समोर कुलूप. हितं मी कोपऱ्यावर मीठ आनाय गेले तरी चार जनी इचारत्यात, आज काय शिजवलंस म्हून. तितं कुनासंगं बोलू? फरशीसंगं?”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुसऱ्या दिवशी दाजींनी फोनवर माझी बिनपाण्यानं केली. “चांगलं काडा म्हनलं हुतं, सुनं काडा म्हनलं न्हवतं,” म्हणाले. मी ते फोटो पुन्हा बघितले. तिचं खरं होतं. कमान होती, देऊळ होतं, रस्ता होता, फक्त गाव नव्हतं.

मग आला मंगळवार. म्हटलं, माणसं हवीत ना, घ्या माणसं. बाजार ऐन भरात आला तेव्हा मी कॅमेरा गळ्यात अडकवून पेठेत उतरलो. मिरचीवाली बाई गिऱ्हाइकाशी जोरात भांडत होती. मस्त दृश्य होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मिरचीवाली गप्प झाली. पदर सारखा केला, मान सरळ, हनुवटी खाली, हात मांडीवर. गिऱ्हाईकही तिच्याशेजारी तसंच. पुढं गेलो. चहावाला वरून चहाची धार सोडत होता. मला बघून तो तसाच थिजला, धार मात्र चालूच राहिली आणि चहा ग्लासातून त्याच्या पायावर आला. शेळ्यांच्या बाजारात माणदेशाकडून आलेला एक मेंढपाळ स्वतः तर ताठ उभा राहिलाच, शेळीचंही तोंड धरून कॅमेऱ्याकडं वळवलं. “हलू नगंस गं,” असं तिला म्हणाला. तो काही माझ्या स्टुडिओत कधी आला नसणार, पण आजूबाजूचं बघून शिकला.

मी ओरडलो, “अरे, नेहमीसारखं राहा की! माझ्याकडं बघू नका!” मग सगळे एकदम समोरच्या भिंतीकडं बघायला लागले, तसेच ताठ. इतक्या वर्षांच्या माझ्या शिकवणीचं फळ माझ्याच पदरात पडत होतं. आख्खं गाव मी पासपोर्ट साइजमध्ये उभं करून ठेवलं होतं. वैतागलो, पण काय करणार? जसे आले तसे पाठवून दिले.

फोन आला तो हसण्यानंच सुरू झाला. आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. “ती शेळी, आगं बया, ती शेळी बघ!” मागून दाजींचंही हसू आणि खोकला ऐकू येत होता. हसून झाल्यावर ती म्हणाली, “थांब. ती मिरचीवाली कोन रं? डोळं वळकीचं वाटत्यात.”

मला माहीत नव्हतं. तिचा आधारकार्डाचा फोटो मी काढला होता एवढंच. पण बायको मागून म्हणाली, “आवं, ती न्हवं का, गुरवाच्या शेजारच्या थोरलीची लेक.”

“तरीच!” आक्का म्हणाली. “आईचंच डोळं. ती पन आशीच भांडायची.”

असं ते सुरू झालं. रोज दिवेलागणीला फोन यायचा. आक्का एकेक फोटो मोठा करून बघायची आणि विचारायची, हा कोण, ती कोण, टोपीवाल्याचा बाप कोण. बायको सांगायची. आमच्या घरी ही विद्या आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत. बायको सगळ्या गावाची सोयरीक घडाघडा सांगायची आणि मी नुसता ऐकत बसायचो. मीही रोज थोडे फोटो काढायला लागलो. शाळेतून सुटलेल्या पोरी. गिरणीसमोर डबे घेऊन बसलेल्या बाया. स्टँडवर पेपर वाचणारे पेन्शनर फौजी. सगळे अर्थात ताठ. लोकांनाही कळलं की हे फोटो कुणासाठी आहेत. मग ‘आक्काला माझा नमस्कार सांग’ सुरू झालं. आमच्या स्टुडिओच्या समोर बांगड्यांचं दुकान आहे, तिथली कासारीण आक्काच्या शाळेतली. ती म्हणाली, “तिला म्हनावं, तुजा हात अजून ध्यानात हाय माज्या. लय टनक. बांगडी चढवताना रडायचीस.” हे मी सांगितलं तेव्हा आक्का म्हणाली, “तिला ध्यानात हाय व्हय?”

ते दिवस फार सुखाचे गेले. ज्या चेहऱ्यांना मी कंटाळलो होतो तेच मला आवडायला लागले. मला वाटायला लागलं, जमलं, आक्का आता येतेच.

मग एक दिवस ती म्हणाली, “आता यक शेवटचा फोटू काड. माज्या बंगल्याच्या गल्लीचा. चार वाजताचा. बाया बसल्यात तसा. सकाळच्या फोटूत कुलपं दिसली, पर चारला कोनतरी बसत आसंलच की.”

आमच्या लहानपणी चार वाजले की गल्लीतल्या सगळ्या बाया उंबऱ्याबाहेर यायच्या. कुणी तांदूळ निवडायची, कुणी लसूण सोलायची, कुणी नुसतीच पाय पसरून बसायची. आक्का मला मांडीवर घेऊन त्यांच्यात बसायची. तिला तेच बघायचं होतं. आणि माळावरच्या त्या गल्लीत चार वाजता काय असतं, ते मला चांगलंच माहीत होतं.

तरी गेलो. सिंह होते, मोर होता. वारा होता. एका गेटच्या कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. फोटो न काढताच परत आलो आणि बायकोला सांगितलं.

बायको म्हणाली, “एवढंच ना? उद्या बसवते बाया.”

“बसवते म्हणजे?”

“म्हंजे बसवते. मी सांगितल्यावर न्हाई म्हंत्यात व्हय? सूप घिऊन येत्यात. वन्सं एकदा आल्या की मग बघू. आल्यावर कोन परत जातंय?”

दाजींना विचारलं, तर त्यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की म्हणाले, “भज्याचा खर्च माजा.” मलाही, आता खोटं कशाला बोलू, फारसं वावगं वाटलं नाही. मी जन्मभर केलं काय? माझ्या स्टुडिओत काश्मीरचा पडदा होता. मागं बर्फ, तळं, शिकारा. ज्यांनी कराडच्या पलीकडं पाऊल टाकलं नाही अशी कितीतरी जोडपी मी त्या पडद्यापुढं बसवून काश्मीरला पाठवली. कोट माझा, टाय माझा. कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधी पेठेतल्या सात-आठ बाया रिक्षातून माळावर आल्या. फोटो आहे म्हणून सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. आक्काच्या पायरीवर आणि शेजारच्या कुलूपबंद दारांपुढं बायकोनं त्यांना नीट बसवलं, कुणाच्या हातात सूप, कुणाच्या हातात लसूण. मी स्टँड लावला, कॅमेरा चढवला, डोळा लावला. सगळ्यांनी मान सरळ केली, हनुवटी खाली घेतली.

आणि मला काश्मीर दिसलं. हुबेहूब. फक्त बर्फाच्या जागी बंगले.

काश्मीरच्या पडद्यापुढून माणूस फोटो काढून उठतो आणि घरी जातो. आक्का इथं राहायला येणार होती. मी फोटो पाठवला असता, ती भरवशानं सगळं सोडून आली असती, आणि पहिल्याच दिवशी चार वाजता सूप घेऊन पायरीवर येऊन बसली असती. एकटी. तिला तसं बसलेलं मी डोळ्यांपुढं आणलं. ज्या बहिणीनं मला मांडीवर बसवलं, तिला मी पडद्यापुढं बसवणार होतो.

“नाही काढत,” मी म्हणालो.

बायको भडकली. “आवं, एवढ्या बाया गोळा केल्या! लसूण सोलला!”

“लसूण घरी ने. फोटो काढणार नाही.”

बायांनी भजी खाल्ली, चहा घेतला आणि मला वेड लागलंय या निष्कर्षावर येऊन त्या परत गेल्या. त्या गेल्यावर गल्ली जशी होती तशी झाली. मग मी फोटो काढला. रिकामी गल्ली, बंद दारं, पायरीवर राहिलेली लसणाची सालं. तिथून तडक स्टुडिओवर आलो आणि दुकानाच्या दारात उभा राहून समोरच्या पेठेचा फोटो घेतला. कासारणीचं दुकान, त्याच्या फळीवर टेकलेल्या दोघी-तिघी, भाजीची गाडी, रिक्षातून उतरून अजूनही माझ्याबद्दलच बोलणाऱ्या आमच्या बाया. दोन्ही फोटो पाठवले आणि फोनवर बोलून ठेवलं, “आक्का, हे दोन्ही चार वाजताचे आहेत. पहिला तुझ्या गल्लीचा. तिथं कुणी बसत नाही. सगळे बाहेरगावी आहेत, तुझ्यासारखेच. दुसरा माझ्या दारातला. आता तू ठरव.”

तिनं ऐकल्याची खूण फोनवर दिसली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दिवेलागणीचा फोन बंद झाला. दाजींचा तेवढा आला, “पावनं, हातानं धोंडा पाडून घेतलासा पायावर,” आणि त्यांनी ठेवून दिला. बायको बोलायची, पण ताट वाढताना भांडी जास्त वाजायची. मी खरंच घाबरलो होतो. आलेली बहीण मी स्वतःच्या हातानं परत पाठवली, असं वाटायचं. रात्री कूस बदलताना ते मनात यायचं, आणि तरीही तो बसवलेल्या बायांचा फोटो काढून पाठवायला हवा होता असं एकदाही वाटलं नाही.

संक्रांतीच्या तोंडावर फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“तुज्या दुकानावर दोन खोल्या हुत्या बघ माडीवर. त्यात सध्या काय हाय?”

“पडदे आहेत,” मी म्हणालो. “जुने. काश्मीर वगैरे.”

“आनि?”

“आणि उंदीर.”

“दोनी काड. आमी येतोय.”

मी फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघरात बायकोपुढं जाऊन उभा राहिलो. तिला तेवढ्यावरून कळलं. भांडी वाजायची थांबली.

दाजींनी धुसफूस केली. संगमरवर घातलेला बंगला सोडून उंदरांच्या माडीवर राहायचं! “नाकापरीस मोती जड झाला,” म्हणाले. आक्का त्यांना म्हणाली, बंगला यात्रेला उघडू, पाहुण्यांना होईल. आमच्या काश्मीरवर बायकोनं कुरडया वाळत घातल्या. चांगलं जाड कापड आहे.

ती आली त्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. स्टँडपासून माझं दुकान चालत पाच मिनिटांवर. दाजी रिक्षानं सामान घेऊन पुढं गेले. आक्का म्हणाली, मी चालत येते. त्या वाटेला आम्हाला दुपारचं जेवण टळेल एवढा वेळ लागला. कारण गिरणीसमोर ती थांबली आणि डबा घेऊन बसलेल्या एका सुनेला म्हणाली, “गुडघा बरा हाय का गं तुज्या सासूचा?” ती पोरगी बघतच राहिली. पेपर वाचणाऱ्या फौजीला म्हणाली, “चष्मा बदलला न्हवं? फोटूत काळा हुता.” मिरचीवालीला तिच्या आईच्या नावानं हाक मारली आणि म्हणाली, भांड अजून तसंच भांड. मला कोण ओळखतंय, म्हणून जी यायला तयार नव्हती, ती गावाला ओळखत निघाली होती. लोक चकित झाले. त्यातल्या प्रत्येकानं सवयीनं विचारलंच, “कवा आलासा? कवा जानार?” आक्कानं पहिल्याचं उत्तर दिलं आणि दुसरा ऐकूच आला नाही असं दाखवून पुढं गेली. मी मागून पिशवी धरून चाललो होतो. कॅमेरा गळ्यात होता, पण एकही फोटो काढला नाही.

आता ती रोज चार वाजता खाली येते. आधी माझ्या पायरीवर बसायची, मग कासारणीच्या फळीवर बसायला लागली. दाजी आत स्टुडिओत खुर्ची टाकून बसतात, आलेल्या गिऱ्हाइकाला ‘हनुवटी खाली’ म्हणतात आणि मला राग आणतात. त्यांचा खोकला कमी आहे. आक्कानं बायकोला खोबरेल तेलात माशांची कढी शिकवली, जी मला आवडत नाही, हे मी दोघींना सांगितलेलं नाही.

परवा यात्रा झाली. माळावरचे बंगले उघडले, गेटवरच्या सिंहांना कुणीतरी हार घातले, पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी कासारीण जेवायला उठली आणि आक्काला म्हणाली, “जरा दुकानाकडं बघ गं, आलेच मी.” पाहुणीला असं कुणी सांगत नाही. आक्का तिच्या जागेवर जाऊन बसली, पाय पोटाशी घेतले आणि बांगड्यांची माळ पुढं ओढली.

मी माझ्या दारात उभा होतो. गर्दीतून कुठल्याशा गलाईवाल्याची तरुण सून आली, भारी साडी, हातात पर्स. तिनं फळीवर हात ठेवला. आक्कानं तो हात धरला, बोटं दाबून बघितली, आणि बांगडी चढवता चढवता, वरही न बघता विचारलं,

“कवा आलीस? कवा जानार?”

दोघींपैकी कुणाचंच माझ्याकडं लक्ष नव्हतं. मी दारातूनच फोटो काढला.